सांथीच्या काळांतील सरकारी मदत आणि नेब्रास्काचा पशुपालक

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या नकाशावर जवळजवळ मधोमध नेब्रास्का नांवाचें राज्य आहे. २०२० सालच्या शिरगणतींत या राज्याची लोकसंख्या साडेएकोणीस लाखांच्या किंचित् वर भरली. परंतु त्याच वर्षाच्या आरंभीं तेथील गुरांची संख्या पासष्ट लाखांहून अधिक होती. म्हणजे दर माणशीं तीन गुरें वांटलीं तरी कांहीं उरलींच असतीं. राज्याच्या उत्तर व मध्य भागांत वाळूच्या टेकड्यांचा सुमारें वीस हजार चौरस मैलांचा प्रदेश पसरलेला असून, ती सारी वाळू केवळ गवताच्या मुळांनीं धरून ठेवली आहे. तेथें नांगर घातला कीं जमीन वाऱ्यावर उडूं लागते. म्हणून त्या प्रदेशांत पीक म्हणजे गवत, आणि त्या गवताचा दाणा म्हणजे गाईचें वासरूं. अशा विस्तीर्ण कुरणांच्या मालकीस तेथें 'रँच' असें म्हणतात. एकेक रँच हजारों एकरांची असली तरी तिच्यावर राबणारें मनुष्यबळ पुष्कळदां एका कुटुंबापुरतेंच असतें. २०२० सालीं सांथीचें संकट जगावर कोसळलें, तेव्हां या कुटुंबांना सरकारनें दिलेली मदत कशी ठरली, ती कोणास पोंचली, कोणास पोंचली नाहीं, आणि तिनें काय साधलें, हा या भाषणाचा विषय आहे.

या धंद्याचें वर्ष इतर धंद्यांच्या वर्षाहून निराळें असतें. हिंवाळ्याच्या अखेरीस अथवा वसंताच्या आरंभीं, पुष्कळदां बर्फ पडत असतांनाच, गाई वितात. उन्हाळाभर वासरें आईच्या दुधावर व गवतावर वाढतात. ऑक्टोबराच्या सुमारास त्यांना आईपासून तोडण्यांत येतें. त्या वेळीं त्यांचें वजन पांचशें-सहाशें पौंड भरतें. कांहीं पशुपालक तीं तेव्हांच विकतात, तर कांहीं हिंवाळाभर सांठविलेल्या गवतावर राखून पुढच्या वर्षीं विकतात. विकत घेणारे लोक त्यांना मोठाल्या वाड्यांत ठेवून मका चारतात, आणि वजन चौदाशें पौंडांच्या आसपास गेलें म्हणजे कत्तलखान्याकडे धाडतात. अशा रीतीनें रँचवाल्या कुटुंबाच्या हातीं वर्षांतून एकदां, फार तर दोनदां, पैसा येतो. त्याच पैशांतून बँकेचें देणें, जमिनीचा कर, गवत कापण्याच्या यंत्रांचा हप्ता आणि मुलांचें शिक्षण हें सर्व भागवावें लागतें. तो एक बाजार बिघडला कीं सारें वर्षच बिघडलें.

त्यांतच या साखळीचें शेवटचें कडें फार अरुंद आहे. गुरें पाळणारे लाखों, मांस खाणारे कोट्यवधि. परंतु या दोहोंच्या मध्यें जे कत्तलखाने आहेत, त्यांत चार कंपन्यांचेंच प्राबल्य आहे. मका चारून पुष्ट केलेल्या गुरांपैकीं सुमारें ८५ टक्के गुरें या चौघींच्याच कारखान्यांतून जातात. सुरईचें पोट कितीही मोठें असलें तरी पाणी बाहेर येणार तें तिच्या गळ्यांतूनच. आणि तो गळाच दाबला गेला तर पोटांतल्या पाण्याचा तहानेलेल्यास कांहींच उपयोग नाहीं. २०२० च्या वसंत ऋतूंत नेमका हाच प्रकार घडून आला.

सांथीपूर्वीं अमेरिकन लोक अन्नावर जो पैसा खर्च करीत, त्यापैकीं निम्म्याहून अधिक घराबाहेरच्या खाण्यावर, म्हणजे उपाहारगृहें, शाळा, कचेऱ्यांतील भोजनालयें यांत जात असे. मार्च महिन्यांत हीं सर्व दारें जवळजवळ एकदम बंद झालीं. शाळेच्या लहान बाटल्यांत भरावयाचें दूध घरगुती मोठ्या बाटल्यांत भरण्याची सोय कारखान्यांत नव्हती. एप्रिल महिन्यांत देशांतील सर्वांत मोठ्या दूध-उत्पादक सहकारी संघानें असा अंदाज दिला कीं, देशभर रोज ३७ लाख गॅलनांपर्यंत दूध ओतून द्यावें लागत आहे. गाय कांहीं दूध देण्याचें थांबवीत नाहीं. एकीकडे गांवोगांव धर्मार्थ अन्नछत्रांपुढें मोटारींच्या रांगा लागल्या होत्या, आणि दुसरीकडे दूध शेतांत सोडून देण्यांत येत होतें.

मांसाच्या धंद्यावर याहून मोठा घाला आला. कत्तलखान्यांत कामगार खांद्याला खांदा लावून उभे असतात. थंडगार हवा, यंत्रांचा आवाज, मोठ्यानें बोलल्याखेरीज ऐकूं न येणें, अशा ठिकाणीं सांथ पसरण्यास वेळ लागला नाहीं. नेब्रास्काच्या शेजारच्या साउथ डकोटा राज्यांत सू फॉल्स येथील डुकरांचा कारखाना बंद ठेवण्याची घोषणा १२ एप्रिल २०२० रोजीं झाली. देशांतील एकंदर डुकराच्या मांसापैकीं चार ते पांच टक्के मांस त्या एका कारखान्यांतून येत असे. नेब्रास्कांत ग्रँड आयलंड या गांवीं गुरांच्या कारखान्यांत सांथ शिरली. एप्रिलच्या अखेरीपर्यंत देशांतील गुरांची व डुकरांची रोजची कत्तल आदल्या वर्षाच्या मानानें तिसऱ्या हिश्श्याहूनही अधिक घटली. २८ एप्रिल रोजीं राष्ट्राध्यक्षांनीं संरक्षण-उत्पादन कायद्याचा आधार घेऊन कारखाने चालूं राहावेत असा हुकूम काढला.

याचा परिणाम दोन टोकांवर अगदीं उलट झाला. पशुपालकास मिळणारा जिवंत गुरांचा भाव खालीं गेला, आणि त्याच वेळीं कारखान्यांतून निघणाऱ्या गोमांसाचा ठोक भाव एप्रिलच्या आरंभापासून मेच्या मध्यापर्यंत सुमारें दुप्पट झाला. गुरें विपुल होतीं आणि खाणारेही विपुल होते. तुटवडा होता तो केवळ मधल्या कारखान्यांचा. पशुपालकांच्या मनांत या विषमतेविषयीं जो राग तेव्हां सांठला, तो पुढील वर्षांतही गेला नाहीं. डुकरें पाळणाऱ्यांची स्थिति तर याहून कठीण होती. गुरें कांहीं आठवडे कुरणावर राखतां येतात. परंतु डुकरांचे गोठे मोजक्या जागेचे असतात आणि मागून नवीं पिलें येतच असतात. आयोवा व मिनेसोटा या राज्यांत शेतकऱ्यांना स्वतः वाढविलेलीं निरोगी जनावरें मारून पुरावीं लागलीं. ज्यांनीं तें केलें त्यांच्या दृष्टीनें तो केवळ पैशाचा तोटा नव्हता. पोसलेलें जनावर माणसाच्या पोटांत न जातां मातींत जाणें ही त्या धंद्याची सर्वांत मोठी अप्रतिष्ठा मानली जाते.

येथें इतिहासाचें एक विलक्षण साम्य नजरेस येतें. १९३३ सालीं, मोठ्या मंदीच्या काळांत, अमेरिकन सरकारनें सुमारें साठ लाख डुकरें स्वतः विकत घेऊन मारविलीं. कारण माल फार झाला होता आणि भाव पडले होते. त्याच वर्षीं शेतमालास आधार देण्याकरितां सरकारी पतमंडळ स्थापन झालें. 'कमॉडिटी क्रेडिट कॉर्पोरेशन' हें त्याचें नांव. शेतकऱ्याचें नशीब केवळ पावसावर व बाजारावर सोडून चालणार नाहीं, हें तत्त्व अमेरिकेनें त्या वर्षीं मान्य केलें, आणि तेव्हांपासून शेती व सरकारी तिजोरी यांचा संबंध कधींच पूर्णपणें तुटला नाहीं. २०२० च्या सांथींत जी मदत देण्यांत आली, तिचा एक भाग याच जुन्या मंडळाच्या पैशांतून आला.

दुसरा भाग नव्या कायद्यांतून आला. २७ मार्च २०२० रोजीं राष्ट्राध्यक्षांची सही झालेल्या मोठ्या साहाय्य-कायद्यांत शेतीकरितां साडेनऊ अब्ज डॉलर राखून ठेवण्यांत आले होते. १७ एप्रिल रोजीं शेतकीमंत्री सनी पर्ड्यू यांनीं १९ अब्ज डॉलरांची योजना जाहीर केली. त्यांपैकीं १६ अब्ज शेतकऱ्यांस व पशुपालकांस थेट द्यावयाचे होते, आणि ३ अब्जांचें दूध, मांस, भाजीपाला वगैरे विकत घेऊन त्याच्या पेट्या गरजूंना वांटावयाच्या होत्या. पेट्यांचें हें काम मे २०२१ पर्यंत चाललें आणि तोंपर्यंत पंधरा कोटींहून अधिक पेट्या वांटल्या गेल्या.

महाराष्ट्रांतील शेतकऱ्यास तगाई परिचित आहे. दुष्काळांत सरकारनें दिलेली तगाई पुढें फेडावी लागते. नेब्रास्कांतील ही रक्कम तगाई नव्हती. ती परत करावयाची नव्हती. झालेल्या नुकसानीचा एक हिस्सा सरकारनें उचलावा अशी तिच्यामागील कल्पना होती. अर्ज घेण्याचें काम शेतकी खात्याच्या जिल्हा कचेऱ्यांकडे होतें. देशांत अशा दोन हजारांहून अधिक कचेऱ्या आहेत, आणि त्यांच्यावर शेतकऱ्यांनींच निवडून दिलेल्या समित्यांची देखरेख असते. सांथीमुळें कचेऱ्यांचीं दारें बंद होतीं. म्हणून बहुतेक काम टेलिफोनवर व संगणकाच्या टपालानें चाललें. अर्ज २६ मे रोजीं सुरू झाले. अर्जदारानें आपलीं गुरें, आपलें धान्य, आपलें दूध यांचा आंकडा स्वतःच लिहून सही करावयाची आणि पुरावा मागितल्यास दाखवावयाचा, अशी पद्धति होती. प्रथम ८० टक्के रक्कम देण्यांत येई व उरलेली मागाहून.

एवढ्या मोठ्या देशांत, एवढ्या थोड्या अवधींत, सरकारनें शेतकऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवून पैसा पोंचविला, ही गोष्ट लहान नव्हे. आग लागली असतां घरमालकाचे कागद तपासीत बसणारा बंब काय कामाचा? परंतु वेगाची किंमत कोठें तरी द्यावीच लागते. येथें ती नियमांच्या बारकाव्यांत द्यावी लागली, आणि त्यांतही रँचवाल्या पशुपालकास अधिक द्यावी लागली.

तो बारकावा असा. नव्या कायद्याचा पैसा जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत भाव उतरल्यामुळें झालेल्या नुकसानीकरितां होता. म्हणून १५ जानेवारी ते १५ एप्रिल या काळांत जीं जनावरें विकलीं गेलीं, त्यांच्यासाठीं मोठा दर ठरला : पुष्ट करून कत्तलीस पाठविलेल्या गुरास २१४ डॉलर, सहाशें पौंडांखालील वासरास १०२ डॉलर. जुन्या पतमंडळाचा पैसा पुढील काळाकरितां होता. त्यांतून १६ एप्रिल ते १४ मे या काळांत दावणीस असलेल्या गुरांकरितां दर नगास ३३ डॉलर मिळावयाचे होते. म्हणजे ज्या शेतकऱ्यानें आपलीं शंभर पुष्ट गुरें १५ एप्रिल रोजीं विकलीं, त्यास २१,४०० डॉलर. आणि ज्याचीं तशींच शंभर गुरें दुसऱ्या दिवशीं सकाळीं वाड्यांत उभीं होतीं, त्यास ३,३०० डॉलर. दोघांमध्यें अंतर एका रात्रीचें. रकमेंत अंतर साडेसहा पटींचें.

हें अंतर अधिक खटकण्याचें कारण असें कीं, कत्तलखान्यांवरचें खरें संकट एप्रिलच्या मध्यानंतरच तीव्र झालें. आपलीं गुरें आधींच विकून मोकळा झालेला मनुष्य त्या संकटांतून सुटला. ज्याच्या गुरांना गिऱ्हाईकच उरलें नाहीं, तो त्यांत सांपडला. मोठा दर पहिल्यास मिळाला आणि लहान दर दुसऱ्यास. यांत कोणाचा दुष्ट हेतु होता असें म्हणण्यास आधार नाहीं. पैशाच्या दोन थैल्या, दोन कायदे आणि दोन मुदती यांचा तो परिणाम होता. पण ज्याच्या दारांत गुरें उभीं होतीं, त्याला थैल्यांचा इतिहास सांगून त्याच्या बँकेचा हप्ता चुकत नव्हता.

ही तक्रार बहिऱ्या कानांवर पडली असें मात्र नाहीं. सप्टेंबर २०२० मध्यें १४ अब्ज डॉलरांपर्यंतची दुसरी योजना जाहीर झाली. तिच्यांत गुरांस दर नगास ५५ डॉलर ठरले. मालकानें १६ एप्रिल ते ३१ ऑगस्ट यांमधील कोणतीही एक तारीख निवडावी आणि त्या दिवशींचीं गुरें मोजून दाखवावीं, अशी सोय करण्यांत आली. परंतु पैदाशीकरितां राखलेलीं गुरें यांतून वगळण्यांत आलीं. पुढें २७ डिसेंबर २०२० रोजीं मंजूर झालेल्या कायद्यान्वयें पहिल्या योजनेंतील दावणीच्या गुरांना जादा रक्कम देण्याचें ठरलें, आणि २०२१ च्या वसंतांत ती नव्यानें अर्ज न मागतां देण्यांत येऊं लागली. पुष्ट गुरास ही जादा रक्कम ६३ डॉलर होती. तेव्हां १६ एप्रिलला ज्याचीं गुरें वाड्यांत राहिलीं, त्याचा हिशेब ३३, ६३ आणि ५५ मिळून दर नगास १५१ डॉलरांपर्यंत आला. २१४ चा आंकडा तरीही दूरच राहिला; पण चूक ध्यानांत आल्यावर ती अंशतः भरून काढण्याची तयारी सरकारनें दाखविली, हें नमूद केलें पाहिजे.

रँचवाल्यापेक्षांही ज्याची गणती कठीण, असा दुसरा एक वर्ग होता. गांवच्या आठवड्याच्या बाजारांत भाजी, अंडीं, मध विकणारा लहान शेतकरी सरकारी भावपत्रकांत कोठेंच दिसत नाहीं. पहिली योजना ठोक भावांच्या उतारावर आधारलेली होती, आणि ज्या मालाचा भाव पांच टक्के तरी उतरला तोच माल तिच्यांत बसत असे. लहान शेतकऱ्याच्या टोपलींतील मालाचा भाव उतरला नव्हता. त्याचें गिऱ्हाईकच नाहींसें झालें होतें. दुसऱ्या योजनेंत हा दोष सुधारण्यांत आला. भाजीपाला व फळें यांकरितां २०१९ सालच्या विक्रीवर टक्केवारी देण्याचें ठरलें. ५० हजार डॉलरांच्या आंतील विक्रीवर १०.६ टक्के आणि त्यावरील विक्रीवर पायरीपायरीनें कमी. भाव मोजण्याऐवजीं विक्री मोजणें, एवढ्या एका बदलानें अनेक लहान शेतांस योजनेचें दार उघडलें.

असाच प्रकार पगार-रक्षण कर्जांच्या बाबतींत झाला. हीं कर्जें बँकांमार्फत मिळत, आणि ठरलेल्या कामीं खर्च केल्यास माफ होत. ज्याच्याकडे नोकर नाहींत अशा मनुष्यास त्याच्या निव्वळ नफ्याच्या अडीच महिन्यांइतकी रक्कम मिळावयाची होती. पण शेतकरी प्राप्तीच्या कराकरितां जो तक्ता भरतो, त्यांत यंत्रें व इमारती यांची घट वजा गेली म्हणजे चांगल्या वर्षींही नफ्याच्या जागीं पुष्कळदां तोटाच दिसतो. तोट्याच्या अडीच महिन्यांचें कर्ज म्हणजे शून्य! कर वांचविण्याकरितां जो तक्ता उपयोगी पडत आला, तोच मदतीच्या वेळीं आड आला. डिसेंबर २०२० च्या कायद्यानें निव्वळ नफ्याऐवजीं एकंदर उत्पन्न धरण्याची मुभा दिली आणि १ लाख डॉलरांची कमाल मर्यादा घातली; त्यामुळें नोकर नसलेल्या शेतकऱ्यास जास्तींत जास्त २०,८३३ डॉलर मिळूं शकले.

दोन्ही योजना मिळून तीस अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम शेतकऱ्यांच्या हातीं गेली. २०२० या एका सालांत सर्व प्रकारच्या थेट सरकारी देण्यांचा आंकडा सुमारें ४६ अब्ज डॉलरांवर जाऊन देशाच्या निव्वळ शेतीउत्पन्नाचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग त्यानेंच भरला. २०१८ व २०१९ सालीं व्यापारी जकातींच्या भांडणांत झालेल्या नुकसानीकरितांही मोठ्या रकमा दिल्या गेल्या होत्या. त्यामुळें सरकारी धनादेशाची वाट पाहणें हा लागोपाठ तीन वर्षें शेतीचा जणुं एक हंगामच होऊन बसला होता.

हा पैसा कोणाकडे गेला? नगांवर, पौंडांवर आणि एकरांवर मदत मोजली म्हणजे ज्याच्याकडे नग अधिक त्यासच ती अधिक मिळणार, हें उघड आहे. २०१७ च्या शेतकी गणतीप्रमाणें देशांत सुमारें वीस लाख शेतें होतीं. त्यांपैकीं दहा लाख डॉलरांहून अधिक विक्री करणारीं शेतें केवळ चार टक्के होतीं, आणि एकंदर मालाचा सुमारें दोन-तृतीयांश भाग त्यांचाच होता. पहिल्या योजनेंत एका व्यक्तीस अडीच लाख डॉलरांची मर्यादा होती. परंतु तीन भागीदार प्रत्यक्ष राबत असलेल्या कंपनीस साडेसात लाखांपर्यंत रक्कम मिळूं शके. मोठ्याचें नुकसान मोठें असतें हें खरें; पण मोठ्यास पत असते, वकील असतो, हिशेबनीस असतो. लहानाच्या हातीं फार तर एक टेलिफोन असतो. सरकारच्या स्वतंत्र हिशेब-तपासणी खात्यानें २०२२ सालीं दिलेल्या अहवालांतही, दिलेल्या रकमांची तपासणी अधिक कसून व्हावयास हवी, असा अभिप्राय व्यक्त केला.

याहून जुनी विषमता वर्णाची होती. १९२० सालीं अमेरिकेंत काळ्या वर्णाचे सुमारें सवानऊ लाख शेतकरी होते. २०१७ च्या गणतींत त्यांची संख्या पन्नास हजारांच्याही खालीं गेलेली दिसली. सरकारी कर्जाच्या बाबतींत पिढ्यान् पिढ्या झालेला भेदभाव हें या ऱ्हासाचें एक मान्य झालेलें कारण होय. मार्च २०२१ च्या सांथ-साहाय्य कायद्यांत अशा उपेक्षित समाजांतील शेतकऱ्यांचीं सरकारी कर्जें फेडण्याची तरतूद करण्यांत आली. वर्णावरून मदत ठरविणें घटनेस धरून नाहीं, अशी हरकत गोऱ्या शेतकऱ्यांनीं न्यायालयांत घेतली, आणि त्या उन्हाळ्यांत न्यायालयांनीं योजना रोखून धरली. ऑगस्ट २०२२ मध्यें ती तरतूदच रद्द होऊन तिच्या जागीं दोन नव्या तरतुदी आल्या : अडचणींतील कर्जदारांकरितां ३.१ अब्ज आणि कर्जाच्या कामीं भेदभाव सोसलेल्यांकरितां २.२ अब्ज डॉलर. त्यांतील दुसऱ्या निधींतून जुलै २०२४ मध्यें ४३ हजारांहून अधिक व्यक्तींना सुमारें २ अब्ज डॉलर देण्यांत आले. वचन आणि पैसा यांच्या मध्यें तीन वर्षें गेलीं. आणि कर्ज फिटणार या भरंवशावर ज्यांनीं पुढचे बेत आंखले होते, त्यांना तीं तीन वर्षें फार जड गेलीं.

गुरांची मोजदाद झाली, एकरांची झाली. माणसांची मात्र पुष्कळ उशीरां झाली. कत्तलखान्यांतील कामगारांत परदेशांतून आलेल्या लोकांचा भरणा मोठा असतो. प्रतिनिधिगृहाच्या एका उपसमितीनें ऑक्टोबर २०२१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या माहितीप्रमाणें, पांच मोठ्या मांस-कंपन्यांतील निदान ५९ हजार कामगारांना सांथीच्या पहिल्या वर्षांत रोग जडला आणि त्यांपैकीं २६९ मृत्यु पावले. पशुपालकाच्या बाजाराचा तो अरुंद गळा हीच माणसें आपल्या हातांनीं उघडा ठेवीत होतीं. शेतकऱ्याच्या मदतीचा हिशेब त्यांचा उल्लेख केल्याविना पुरा होत नाहीं.

मग या मदतीनें साधलें काय? पहिली गोष्ट ही कीं, तिनें पुष्कळांची शेती वांचविली. सांथीच्या वर्षीं जी मोठी दिवाळखोरी येईल अशी धास्ती होती, ती आली नाहीं. गाई विकून टाकण्याची पाळी टळली. आणि गाय विकली गेली म्हणजे पुढचीं अनेक वर्षें विकलीं जातात, हें पशुपालक जाणतो. दुसरी गोष्ट ही कीं, तिनें मूळ रोगास हात लावला नाहीं. सुरईचा गळा होता तेवढाच अरुंद राहिला. हें ओळखून जानेवारी २०२२ मध्यें सरकारनें स्वतंत्र व लहान मांस-कारखान्यांची वाढ व्हावी म्हणून एक अब्ज डॉलर खर्चण्याची योजना जाहीर केली. लहान कारखाना उभा राहण्यास वर्षें लागतात, कसबी खाटीक मिळण्यास त्याहून अधिक. धनादेश मात्र आठवड्यांत पोंचतो. म्हणूनच सरकारांना धनादेश सोपा वाटतो.

मध्यंतरी आकाशानेंही आपला हिशेब मांडला. सांथीनंतरच्या वर्षांत पश्चिमेकडील कुरणांवर कोरड पडली, चाऱ्याचे भाव चढले, आणि जीं गुरें सांथींत वांचलीं त्यांतलीं पुष्कळ अवर्षणांत विकावीं लागलीं. १ जानेवारी २०२५ रोजीं देशांतील एकंदर गुरांची संख्या ८ कोटी ६७ लाखांवर आली. १९५१ नंतरची ही तोंपर्यंतची सर्वांत कमी संख्या होती. गुरें कमी झालीं तसा भाव चढला, आणि ज्यांनीं आपल्या गाई राखल्या त्यांना चांगले दिवस आले. पण नोव्हेंबर २०२५ मध्यें नेब्रास्कांतील लेक्सिंग्टन येथील मोठा गोमांस-कारखाना बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. सुमारें अकरा हजार वस्तीच्या त्या गांवांत कारखान्याचे कामगारच सुमारें तीन हजार दोनशें होते. २०२० सालीं गुरें फार आणि कारखाने बंद. २०२५ सालीं गुरें थोडीं म्हणून कारखाना बंद. दोन्ही वेळीं निर्णय झाला तो कुरणापासून फार दूर.

या साऱ्या इतिहासावरून जो बोध निघतो, तो नेब्रास्काच्या सीमेपुरता मर्यादित नाहीं. संकटांत सरकारनें शेतकऱ्यास हात दिला पाहिजे याविषयीं वाद नाहीं, आणि तो हात लवकर दिला पाहिजे याविषयींही नाहीं. वाद आहे तो मोजमापाचा. जें मोजण्यास सोपें, त्याचीच भरपाई होते : विकलेलें गुरूं मोजतां येतें, न विकलें गेलेलें नजरेआड होतें, भावाचा उतार दिसतो, गेलेलें गिऱ्हाईक दिसत नाहीं, तक्त्यावरचा तोटा दिसतो, त्यामागचे कष्ट दिसत नाहींत. पहिल्या आठवड्यांत आंखलेली रेषा चुकणारच. ती दुसऱ्या महिन्यांत पुसून पुन्हा आंखण्याचें धैर्य ज्या राज्यकारभारांत असतें, त्याच्यावर शेतकऱ्याचा विश्वास बसतो. आणि मदतीचा पैसा वांटून झाल्यावर, ती मदत मागण्याची पाळी पुन्हा ज्यायोगें येणार नाहीं, अशी बाजाराची व्यवस्था उभी करणें हें काम शिल्लक राहतेंच. वाळूच्या टेकड्यांवरील गवत वरून पाहतां कोंवळें दिसतें. परंतु तें जमीन धरून ठेवतें तें आपल्या मुळांच्या बळावर. शेतकऱ्यास दिलेली मदत त्या मुळांपर्यंत पोंचली तरच जमीन राहते, आणि जमीन राहिली तरच तिच्यावरचा मनुष्य राहतो.